प्रक्षिप्त पदक

एम.ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा शिकवताना २०१८नंतरची दोन-अडीच वर्षे आम्ही दोघेही एक उदाहरण हमखास देत असू. आमच्यापैकी एक साताऱ्याच्या महाविद्यालयात शिकवतो, दुसरा सांगलीच्या. दोघांचे एम.ए. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले, एकाच बाकावरचे. त्यामुळे आमची टिपणे सामाईक असतात आणि चुकाही. एखाद्या पोथीचा कागद जुना असेल, शाई जुनी असेल, त्यातली प्रत्येक ओवी कुठे ना कुठे प्रमाण मानलेल्या हस्तलिखितात सापडत असेल, तरीही ती पोथी म्हणून खोटी असू शकते, हे विद्यार्थ्यांना पटवून द्यायचे असे. ते पटवायला आम्ही पोथीचे उदाहरण न घेता जर्मन लष्करी पदकांच्या पट्टीचे घेत असू. वर्ग चटकन जागा होई. साहित्याच्या वर्गात आयर्न क्रॉस निघाला की मागच्या बाकावरचे विद्यार्थीही मान वर करतात, हा अनुभव आहे.

ते उदाहरण असे. पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकांना मिळालेल्या पदकांवर बहुधा सैनिकाचे नाव नसे. दुसऱ्या वर्गाचा आयर्न क्रॉस घ्या. काळा केलेला लोखंडी गाभा, त्याभोवती चांदीची चौकट, वर १९१४ हे साल. लोहचुंबक गाभ्याला चिकटते की नाही, चौकटीचा सांधा कसा आहे, एवढे पाहिले की क्रॉस खरा की खोटा हे बऱ्याच अंशी कळते. पण तो कोणाच्या छातीवर होता, हे क्रॉस सांगत नाही. ते सांगते ती पट्टी. सैनिक आपली सगळी पदके शिंप्याकडून एका पट्टीवर ओळीने शिवून घेई. ओळीला क्रम असे. जर्मनी हे तेव्हा अनेक राज्यांचे मिळून झालेले साम्राज्य होते. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग या प्रत्येकाची स्वतःची मानचिन्हे होती. त्यामुळे पट्टीवर कोणते पदक कोणाच्या शेजारी बसले आहे, यावरून तो माणूस कुठला, आघाडीवर होता की पिछाडीला, किती वर्षे नोकरी केली, हे जाणकाराला ओळीने वाचता येते. १९३४ साली हिंडेनबुर्गच्या नावे महायुद्धातल्या सैनिकांसाठी एक सन्मान-क्रॉस निघाला. लढलेल्यांना तलवारींसह, न लढलेल्यांना तलवारींविना. तो पट्टीवर असला तर पट्टी १९३४च्या आधी शिवलेली असूच शकत नाही. एखाद्या ग्रंथात आलेल्या व्यक्तीच्या उल्लेखावरून आपण त्याची पूर्वमर्यादा ठरवतो, तोच हा न्याय.

सुट्या पदकापेक्षा एका माणसाचे आयुष्य सांगणाऱ्या पट्टीला किंमत जास्त येते. मग खोटे करणारा खोटे पदक ओतत बसत नाही. तो चार खरी, स्वस्त पदके घेतो, त्यांत एक दुर्मीळ खरे पदक घालतो, जुन्या कापडाचा तुकडा मागे लावतो आणि शिवून टाकतो. भाग सगळे अस्सल, वस्तू नकली. अशा वेळी दोरा फितुरी करतो. कपड्याला पांढरेपणाची झळाळी देणारी रसायने धाग्यांत आणि धुण्याच्या साबणांत प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतर आली. अतिनील प्रकाशाखाली असा धागा निळसर पांढरा चमकतो; जुने सूत आणि जुने रेशीम मंद राहते. जुने कापड आणि चमकणारा दोरा एकत्र दिसले की संग्राहक पट्टी बाजूला ठेवतो.

हे सगळे ज्ञान आम्ही हौसेने मिळवले नव्हते. ते एका पट्टीपायी मिळवावे लागले, आणि ती पट्टी जर्मन नव्हती.

नोव्हेंबर २०१८मध्ये पहिले महायुद्ध संपल्याला शंभर वर्षे होत होती. सांगलीच्या आमच्या महाविद्यालयात एक छोटे प्रदर्शन भरवायचे ठरले. इतिहास विभागापेक्षा मराठी विभागाचा उत्साह दांडगा, कारण आमच्यापैकी साताऱ्यात शिकवणाऱ्याच्या आजोळी पदकांची एक पट्टी होती. आजोळ खानापूर तालुक्यात, विट्यापासून एस.टी.ने अर्ध्या तासावर. मराठा पलटणींचा विषय निघाला की साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीचे नाव सगळ्यांच्या तोंडी येते. घरटी शिपाई देणारे गाव म्हणून ते प्रसिद्धच आहे. पण येरळेच्या काठच्या आणि माणदेशाच्या कडेच्या कोरडवाहू गावांतूनही माणसे तितक्याच सहजतेने बेळगावला भरतीला जात. पाऊस नसला की पलटण, एवढे साधे ते गणित होते. आजोळच्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांतले इतके मेले, एवढेच तीवर इंग्रजीत लिहिले आहे. अशा पाट्या सरकारने गावोगाव बसवल्या. आकडे आहेत, नाव एकही नाही.

पट्टी पत्र्याच्या ट्रंकेत, बिस्किटांच्या डब्यात होती. मामांनी ती अभिमानाने पुढ्यात ठेवली. "सगळी तुझ्या आजोबांची," ते म्हणाले. पट्टीवर सहा पदके. पहिले चांदीचे, म्हणजे १९१४ ते १८च्या युद्धाचे ब्रिटिश युद्धपदक. एका बाजूला पंचम जॉर्जचे डोके, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष आणि टापांखाली प्रशियाची ढाल. मग दोन सहाटोकी तारे: एक १९३९-४५चा, दुसरा इटलीचा. मग दुसऱ्या महायुद्धाचे युद्धपदक आणि हिंदुस्थानच्या नकाशाचे भारतीय सेवापदक. आणि सर्वांत शेवटी, जिथे ते नियमाप्रमाणे असायला नको तिथे, पहिल्या युद्धाचे विजयपदक. इंद्रधनुष्यी फितीचे, पितळेसारखे दिसणारे. मागच्या बाजूला मऊ जांभळा खणाचा तुकडा. अडकवायला साधी सेफ्टी पिन.

आजोबांचा जन्म १९२०चा. पहिल्या महायुद्धाची पदके त्यांची कशी असतील? आमच्या चष्म्यांना लगेच धार आली.

ब्रिटिश पदकांची गोष्ट जर्मन पदकांच्या नेमकी उलट. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सरकारने खर्च वाचवायला बिननावाची वाटली, पण पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर मिळवणाऱ्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठशाने उमटवलेली असते. तिथे पट्टीला काही विचारायचे कारण नसते, कडेला विचारावे. लबाडी करणारा जुने नाव कानशीने घासून नवे उमटवतो, मग तिथे कडा किंचित खोल जाते. पदार्थविज्ञान विभागातला व्हर्निअर कॅलिपर मागून आणला. चांदीच्या पदकाचा व्यास सगळीकडून ३६ मिलिमीटर भरला. विजयपदकाचाही तोच. कुठे घासल्याची खूण नाही. मग भिंगाने कडा वाचल्या. चांदीच्या पदकावर आजोबांच्या वडिलांचे, म्हणजे पणजोबांचे नाव, ११४वी मराठा पलटण. ऑक्टोबर १९१८मध्ये मेसोपोटेमियात शर्कातच्या लढाईत ज्या पलटणीने नाव काढले, तीच ही. इथपर्यंत छान. विजयपदकावर मात्र वेगळाच क्रमांक, वेगळे नाव, वेगळे आडनाव आणि पलटण ११०वी.

म्हणजे तीन माणसे. एका पट्टीवर तीन माणसे, त्यांतला एक परका.

उरलेली शंका दिव्याने फेडली. ओळखीच्या एका पतसंस्थेतून नोटा तपासायचा निळा दिवा संध्याकाळपुरता मागून आणला आणि प्राध्यापक-कक्षाचे पडदे ओढले. खण मंद राहिला, जुनाच होता. फिती मंद राहिल्या. दोरा मात्र लखलखला. जुने कापड, नवा दोरा, क्रम चुकलेला, नाव परक्याचे. संग्राहकांच्या पुस्तकातल्या साऱ्या खुणा एकाच वस्तूत जमून आल्या होत्या. तो क्षण आनंदाचा होता, हे कबूल केले पाहिजे. वर्षानुवर्षे दुसऱ्यांनी सिद्ध केलेले प्रक्षेप शिकवल्यानंतर स्वतःच्या हाताने एक पकडण्याचा आनंद.

प्रदर्शनात पट्टीखाली आम्ही जी चिठ्ठी लावली तिची भाषा संयत होती, असे आम्हांला तेव्हा वाटले. 'पदके अस्सल. पट्टी मात्र उत्तरकाळात जमवलेली. विजयपदक अन्य व्यक्तीचे असून कुटुंबाशी संबंध नाही.' मामा प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी गावातल्या चार माजी सैनिकांना घेऊन आले. चिठ्ठी त्यांनी मोठ्याने वाचली. मग पट्टी काढून खिशात घातली आणि पुढची अडीच वर्षे आमच्याशी बोलले नाहीत. घरातल्यांनी कुणाचे तरी पदक बाजारातून आणून लावले, असा त्या चिठ्ठीचा गावात अर्थ झाला. आणि तो अर्थ चुकीचा लावला गेला असे म्हणायला आम्हांला जागा नव्हती. आम्ही तेच लिहिले होते.

असो. वर्गातले उदाहरण त्यामुळे बंद झाले नाही. उलट, आजोळची पट्टी वगळून आम्ही जर्मन पट्टी पुढे केली. तिच्यात कुणाचे मामा नव्हते.

एप्रिल २०२१मध्ये, टाळेबंदीच्या दुसऱ्या फेरीत, कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या एका अहवालाची बातमी वाचनात आली. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आशियाई आणि आफ्रिकी सैनिकांची स्मृती राखताना आयोगाने शंभर वर्षांपूर्वी दुजाभाव केला, याची ती कबुली होती. त्यात बसऱ्याच्या स्मारकाचा उल्लेख होता. मेसोपोटेमियात मरून ज्यांची थडगी नाहीत, अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांचे ते स्मारक. तिथल्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. नावे नोंदवहीत. १९९७मध्ये ते स्मारक सबंध उचलून वाळवंटात नव्या जागी नेले, तेव्हाही भिंतींबरोबर आकडेच गेले.

चावडीतल्या पाटीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आणि ११०वी मराठा पलटण मेसोपोटेमियातच होती, हेही आठवले. जनरल टाउनशेंडच्या ज्या सहाव्या पुणे डिव्हिजनला डिसेंबर १९१५पासून तुर्कांनी कूटला वेढून ठेवले, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ला कूट पडले. उपासमारीने खंगलेले सुमारे तेरा हजार लोक कैद झाले आणि शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेले. पुष्कळांना रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर जुंपले.

आयोगाच्या नोंदी आता संगणकावर शोधता येतात. विजयपदकावरचा क्रमांक आमच्या वहीत होताच. पहिल्यांदा सांगली जिल्हा धरून शोधले. काहीच मिळाले नाही. मग स्वतःलाच हसू आले. १९१६ साली सांगली जिल्हा होता कुठे? खानापूर, तासगाव, वाळवे हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात. १९४९ साली संस्थाने विलीन झाल्यावर दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. साताऱ्याखाली शोधल्यावर नोंद समोर आली. क्रमांक तोच, पलटण तीच, मृत्यू ऑगस्ट १९१६. त्याखाली वडिलांचे नाव, गाव आणि तालुका. गाव आजोळचे. वडिलांचे नाव पणजोबांच्या वडिलांचे.

परका माणूस पणजोबांचा सख्खा धाकटा भाऊ होता. थोरल्याचे आडनाव भरतीच्या कारकुनाने कुळाचे लिहिले होते, धाकट्याचे वतनाचे: पाटील. एकाच घरातले दोन भाऊ दोन आडनावांनी कागदावर येतात, ही या भागात रोजची गोष्ट आहे. सात-बाराच्या उताऱ्यात, शाळेच्या दाखल्यात, कुणाच्याही घरी. एखाद्या बखरीत एकच माणूस दोन आडनावांनी आला असता तर आम्ही लगेच तळटीप दिली असती. इथे इंग्रजी अक्षरांतले आडनाव पाहिले आणि विचार थांबला. भिंग हातात होते, तरीही.

पाऊस सरला तसे आम्ही दोघे आजोळी गेलो. मामा ओसरीवर होते. 'या' म्हणाले, एवढेच. आजी तेव्हा एकोणनव्वद वर्षांची. छपाई काढलेला कागद वाचून दाखवला. तिने नाव ऐकले आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. या वयातही सासऱ्याच्या भावाचे नाव ऐकून तो हात आपोआप वर गेला.

"म्या तवाच म्हनलं हुतं," ती म्हणाली. "ह्यात धाकलं मामंजीबी हायती म्हनलं. तुमी ल्हित हुतासा."

२०१८ला आम्ही पट्टी पाहात होतो तेव्हा आजी जात्याच्या कोपऱ्यात बसली होती आणि काहीतरी बोलली होती, हे आम्हां दोघांनाही अंधूक आठवले. वहीत ते नाही. वहीत व्यास आहेत, क्रमांक आहेत, फितींचे रंग आहेत, दोरा चमकल्याची नोंद आहे. घरात ज्या एकाच माणसाला पट्टी कोणी शिवली हे माहीत होते, त्याचे वाक्य नाही. मामांनाही ठाऊक नव्हते. धाकट्या पणजोबांना मूलबाळ नव्हते, म्हणून ते घरातल्या बोलण्यातूनच गेले होते. ज्यांना वंश नाही त्यांना घराण्याच्या गोष्टीत जागा मिळत नाही. बायकांना मात्र ते माहीत असतात, कारण मागे राहिलेली बाई त्यांच्यातच राहते.

ती बाई म्हणजे आजीची चुलत सासू, धाकल्या आत्याबाई. लग्न झाले तेव्हा दहा-बारा वर्षांची. नवरा मेल्याचा कागद आला तेव्हा पंधराची असेल. पुढे उभा जन्म याच घरात. तिच्या ट्रंकेत नवऱ्याची पदके होती. थोरल्या भावाच्या, म्हणजे पणजोबांच्या माघारी त्यांच्या दोन मुलांत वाटणी झाली, तेव्हा पणजोबांचे चांदीचे पदक आजोबांकडे आले आणि त्यांचे विजयपदक थोरल्या मुलाकडे गेले. त्या घरात ते कधीतरी हरवले. आत्याबाई आजोबांकडे राहिल्या.

मग बहात्तरचा दुष्काळ. आजी त्याबद्दल फार बोलत नाही. सुकडी आणि खडी, एवढे दोन शब्द. आत्याबाईंनी स्वतःच्या हाताने नवऱ्याचे चांदीचे पदक काढून दिले. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत; सोन्याचांदीची धूळ, मोड आणि जुने दागिने मुशीत गाळून शुद्ध करणे हे त्यांचे काम. सरकारने दिलेल्या चांदीवर राजाचे डोके असले तरी मुशीला त्याचे काय? किती पदके अशी गेली असतील, याचा हिशेब लागणे नाही. इंग्लंडातसुद्धा १९८०च्या सुमारास चांदीचा भाव भडकला तेव्हा ही पदके वितळवली गेली, असे संग्राहक सांगतात.

"आणि हे राहिलं कसं?" आम्ही विजयपदकावर बोट ठेवून विचारले.

"रुपं गलाईवाल्यानं नेलं. पितळंला कोन इचारतंय?"

धाकट्या भावाचे नाव आज कडेवर वाचता येते ते एवढ्यामुळे. कूटमध्ये सापडलेल्या शिपायाला १९१४-१५चा ताराही मिळालेला असणार. तो कुठे गेला, ते आजीलाही सांगता आले नाही. मेलेल्यांच्या घरी एक ब्राँझची मोठी चकती येई, त्यावर मृताचे नाव उठावाने असे. तीही नाही. भांड्यांत मोडीला गेली असेल, असा मामांचा तर्क. ते पहिल्यांदाच आपणहून बोलले म्हणून आम्ही त्या तर्काला आडवे गेलो नाही.

दुष्काळानंतर वर्षा-दोन वर्षांनी आत्याबाई गेल्या. त्यानंतर सांगलीला माजी सैनिकांचा मेळावा निघाला. आजोबांनी आजवर पदके लावली नव्हती. ते इटलीत लढत होते तेव्हा इकडे गावात प्रतिसरकार होते, नाना पाटलांच्या सभा होत होत्या. परत आल्यावर इंग्रजाची पदके छातीवर मिरवायला या मुलुखात जागा नव्हती, आणि त्यांनी ती शोधलीही नाही. मेळाव्याला मात्र जायचे ठरले. आदल्या रात्री आजीने कंदिलाच्या उजेडात पट्टी शिवली. दोरा विट्याच्या बाजारातल्या रिळाचा. तो चमकणारच होता. खण आत्याबाईंच्या ट्रंकेतला. "त्यांचा हुता. शिवायचा ऱ्हायलेला." याहून जास्त तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पंधराव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीच्या ट्रंकेत न शिवलेला खण का राहतो, हे विचारायला भाषेचे पदवीधर असण्याची गरज नव्हती.

"पण आजी, दुसऱ्याचं पदक लावायचं नसतं, आजोबा काही म्हणाले नाहीत?"

"म्हनलं न्हवं का! मी म्हनलं, मेळाव्याला निगालायसा तर तिगंबी जावा."

आजोबा तसेच गेले. नियमाने ते चूक होते. स्वतः न मिळवलेले पदक सैनिकाने आपल्या पदकांत लावू नये, हा दंडक जगातल्या सगळ्या सैन्यांत आहे आणि तो योग्यही आहे. नाहीतर पदकाला अर्थ उरत नाही. म्हणून आमची चिठ्ठी पूर्ण खोटी होती, असेही आम्ही म्हणणार नाही. पट्टी उत्तरकाळात जमवलेली होती, हे खरेच. विजयपदक अन्य व्यक्तीचे होते, हेही खरे. 'कुटुंबाशी संबंध नाही' हे शेवटचे तीन शब्द मात्र आमचे होते; त्यांना ना पदकात आधार होता, ना दोऱ्यात. ते आम्ही भरले होते. प्रक्षेप शोधता शोधता आम्हीच एक केला होता.

वर्गात आता हे उदाहरण दोघेही निराळे सांगतो. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती विद्यार्थ्यांच्या हाती देतो. सुकथनकरांनी १९३३मध्ये आदिपर्व सिद्ध केले तेव्हा मुख्य संहितेतून काढलेले श्लोक त्यांनी टाकून दिले नाहीत. रेघेखाली, तारांकित करून, कोणत्या प्रतीत काय मिळते याच्या नोंदीसह छापले. मोठे भाग परिशिष्टात दिले. आम्ही दोघांनीही विद्यार्थी असताना रेघेच्या वरचेच वाचले होते. रेघेखाली कोणी कुठे, कोणत्या गरजेने काय घातले, याचा वेगळा इतिहास असतो आणि तो मूळ संहितेइतकाच खरा असतो, हे शिकवण्यापुरते माहीत होते. साताऱ्याच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग ही पट्टी खरी की खोटी?" परीक्षेत प्रश्न आला तर काय लिहायचे, हा तिचा रोख होता. पदके खरी, पट्टी आजीने १९७०च्या दशकात शिवलेली, एवढे लिही, असे सांगितले. गुण मिळतील की नाही, ते तपासणाऱ्यावर.

आजी २०२३च्या उन्हाळ्यात गेली. दिवसकार्य झाल्यावर मामांनी ट्रंक उघडली आणि बिस्किटांचा डबा आमच्यापुढे सरकवला. दोरा कुजला होता. इटलीचा तारा आणि विजयपदक एका टाक्यावर लोंबत होते. बेळगावला पलटणीच्या शिंप्याकडे देऊन नियमाप्रमाणे बसवून घ्यावी का, असे ते म्हणाले. तो म्हणेल तर तिन्ही माणसांची वेगळी करून घेऊ. आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही. मग मामींकडे सुईदोरा मागितला.

नव्या चिठ्ठीवर आता तिघांची नावे आहेत, ज्याची त्याची पलटण आहे, आणि शिवणारीचे नाव आहे. ती डब्यात झाकणाच्या आतून चिकटवली. नावे इथे देत नाही, मामांची तशी इच्छा आहे. क्रम बदलला नाही. खणाच्या तुकड्यावर आजीच्या सुईची जुनी भोके दिसत होती, त्यांतूनच टाके घातले. रीळ पांढरे होते, विट्याच्याच बाजारातले. निळ्या दिव्याखाली ते पहिल्यापेक्षा जास्त चमकेल.